झिजलेलें मळसूत्र

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत साध्या यंत्रांची गणना केलेली असते, व तींत मळसूत्राचें नांव येतें. उतरण दंडाभोंवतीं गुंडाळली कीं मळसूत्र झालें, असें आम्ही शिक्षक सांगतों आणि कागदाचा त्रिकोण पेन्सिलीभोंवतीं गुंडाळून दाखवितों. मुलें तें लिहून घेतात व परीक्षेंत बिनचूक उतरवितात. मळसूत्र आंत कसें जातें, हें पुस्तकांत आहे. परंतु तें बाहेर येण्याचें नाकारतें तेव्हां काय करावें, याविषयीं पुस्तक मौन धरून बसतें. आमच्या जत तालुक्यांत ही उणीव विशेष जाणवते. येथील माळावरची धूळ प्रत्येक फटींत शिरते, पावसाचा नेम नाहीं, आणि सांगली-मिरजेचा बाजार एस. टी.च्या गाडीनें दोन-अडीच तासांवर. तेव्हां हरभऱ्याएवढ्या एका स्क्रूपायीं विहिरीवरील पंप किंवा फवारणीचें यंत्र आठ-आठ दिवस अडून बसल्याचें कोणत्या घरानें पाहिलें नाहीं? म्हणून या वार्षिकांत एका फार लहान इंजिनाची हकीकत सांगावी असें मनांत आलें.

नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याला त्याच्या मामानें पुण्याहून आपली जुनी मोटार पाठविली होती. ही मोटार म्हणजे खेळणें खरें, पण किल्लीचें किंवा बॅटरीचें नव्हे. तिच्यांत साडेतीन घन सेंटिमीटर मापाचें खरेंखुरें इंजिन आहे. सिलिंडर, दट्ट्या, भुजा, कार्ब्युरेटर, सर्व कांहीं यथास्थित. फक्त सारें एका मुठींत मावेल एवढें. त्याचा दट्ट्या अंगठ्याच्या रुंदीचा, परंतु भरांत आला म्हणजे मिनिटास तीस हजारांवर फेरे होतात. पेट्रोलच्या इंजिनांत असते तशी ठिणगी यांत नसते. डोक्यावरील लहानशा प्लगांत प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचें वेटोळें असतें. तें आरंभीं दीड व्होल्टच्या घटानें तापवून लाल करावयाचें. एकदां इंजिन चालूं लागलें म्हणजे स्फोटाची उष्णता आणि मेथॅनॉलच्या वाफेवर होणारी प्लॅटिनमची क्रिया यांच्या योगानें तें आपोआप तप्त राहतें. हा प्लग १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत बाजारांत आला आणि त्यामुळें खेळांतील इंजिनें एकाएकीं हलकीं व स्वस्त झालीं. इंधन म्हणजे मेथॅनॉल, त्यांत थोडें नायट्रोमिथेन व वंगणासाठीं तेल. हें तेल पुष्कळदां आपलें एरंडेलच असतें. पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: मेथॅनॉल पोटांत गेलें तर दृष्टि जाते, प्राणहि जातो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडीं जवळजवळ दिसत नाहीं. तें मुलांच्या हातीं एकट्यानें देऊं नये.

एरंडेलाचा एक दोष असा कीं, इंजिन बरेच दिवस पडून राहिलें तर तें आंत रोगणासारखें वाळतें. या मोटारीचें तसेंच झालें. दट्ट्या चिकटून बसला. मुलानें इंजिन खोलावयाचें ठरविलें. सिलिंडरच्या माथ्यावर चार स्क्रू होते. त्यांचीं डोकीं वाटोळीं व त्यांत षट्कोनी खळगा. असा स्क्रू फिरविण्याच्या वांकड्या सळईला कारागीर ‘एलन की’ म्हणतात. मुलानें शेजारच्या गॅरेजमधून एक की मागून आणली. ती खळग्यांत बसली. किंचित ढिली वाटली, पण बसली. दोन स्क्रू निघाले. तिसऱ्याला जोर करितांच की गरकन् फिरली आणि खळग्याचे सहाहि कोपरे गुळगुळीत झाले. मग त्यानें चौथ्याला अधिक जोर केला, आणि त्याचीहि तीच गत झाली.

त्या दिवसापासून हें इंजिन बारा दिवस त्याच्या दप्तराच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेलें होतें. वडिलांनीं त्यास पूर्वींच बजाविलें होतें कीं, मोडतोड झाली तर ही मोटार भंगारवाल्याच्या गाडीवर जाईल. वडील दुष्ट नव्हेत. त्यांची डाळिंबाची बाग आहे, बागेवर कर्ज आहे, आणि मुलानें हातांत पाना धरण्यापेक्षां पुस्तक धरावें, ही त्यांची इच्छा आपल्यापैकीं बहुतेकांच्या इच्छेसारखीच आहे. मुलानें इंजिन अखेर माझ्या टेबलावर ठेवलें तेव्हां तो म्हणाला, “सर, हें दुरुस्त झालें नाहीं तरी चालेल, पण अण्णांना सांगूं नका.” मीं त्यास सांगितलें कीं, अण्णांना तूंच सांगावयाचें आहे, तें केव्हां सांगावयाचें तें मात्र आपण इंजिन पाहून ठरवूं.

प्रथम आम्हीं ती की तपासली. प्रयोगशाळेंतील व्हर्निअर कॅलिपरनें माप घेतलें, तेव्हां ती २.३८ मिलिमीटर भरली. खळगा होता अडीच मिलिमीटरांचा. इंचाच्या मापांत तीन-बत्तिसांश इंचाची की असते, तीच ही. फरक अवघा बारा शतांश मिलिमीटरांचा, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीचा. परंतु तेवढ्या फटीमुळें कीची सपाट बाजू खळग्याच्या सपाट बाजूवर टेकली नाहीं, तर तिच्या धारा तेवढ्या टेकल्या, आणि सर्व जोर त्या सहा रेषांवर एकवटला. पोलाद झालें म्हणून काय, रेषेवर आलेला भार तें किती सोसणार? मुलाची समजूत अशी होती कीं आपली ताकद कमी पडली. वस्तुतः ताकद पुरेशी होती. माप चुकलें होतें. आपल्या देशांत मीटरचीं मापें कायद्यानें रूढ होऊन अनेक दशकें लोटलीं, तरी जुन्या पेट्यांतून इंची पाने अजून निघतात, आणि ते या मापांच्या इतके जवळ येतात कीं हाताला फसवितात.

मापांचा हा गोंधळ जुना आहे. इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं पंचावन्न अंशांच्या कोनाचा एकच आटा सर्वांनीं वापरावा असें सुचविलें, आणि तेव्हांपासून एका गांवचा बोल्ट दुसऱ्या गांवच्या नटांत बसूं लागला. आजच्या मीटरी आट्यांचा कोन साठ अंशांचा. डोक्यांचीहि तीच कथा. आरंभीं सरळ खांच होती. तींतून पेचकस बाजूस घसरे. १९०८ सालीं कॅनडांतील रॉबर्टसन यानें चौकोनी खळगा काढला. १९३६ सालीं अमेरिकेंतील हेन्‍री फिलिप्स यास अधिक-चिन्हाच्या खांचेचीं पेटंटें मिळालीं, आणि त्याच वर्षीं ती खांच मोटारीच्या कारखान्यांत वापरांत आली. फिलिप्सच्या खांचेच्या भिंती किंचित उतरत्या असल्यामुळें जोर फार झाला कीं पेचकस वर उसळतो. जपानी यंत्रांवरील अधिक-चिन्ह दिसण्यांत अगदीं तसेंच, परंतु त्याची घडण थोडी निराळी. त्यांत फिलिप्सचा पेचकस पूर्ण बसत नाहीं व कांठ उडतात. शेतावरील व घरांतील कितीतरी यंत्रें जपानी घडणीचीं असतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली.

आतां घट्ट बसलेल्या स्क्रूला कोण धरून ठेवतें तें पाहूं. स्क्रू आवळतांना त्याचा दंड ताणला जातो, स्प्रिंगेप्रमाणें. त्या ताणामुळें डोक्याची खालची बाजू धातूवर दाबली जाते. आपण हातानें जो पीळ देतों त्यांतील साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणांत खर्च होतो, दहापैकीं चार भाग आट्यांतील घर्षणांत, आणि दंड ताणण्याच्या खऱ्या कामीं फक्त दहावा हिस्सा येतो. ही वांटणी वर्गांत सांगितली तेव्हां कोणाचा विश्वास बसेना. परंतु पुढें आम्हांस मार्ग सांपडला तो हिच्यामुळेंच. याशिवाय इंजिन बांधणारे कारागीर कांहीं आट्यांना एक प्रकारचा डिंक लावतात. हवा न लागतां तो घट्ट होतो, आणि तापला म्हणजे नरमतो.

म्हणून उष्णतेपासून आरंभ केला. इंधनाची टांकी मोटारीवरून अगोदरच काढून दूर ठेविली होती. कार्ब्युरेटरांत रबराच्या व प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, म्हणून तोहि सोडवून ठेवला. ज्योत जवळ आणावयाची नाहीं असा निश्चय होता, तेव्हां केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा दहा मिनिटें माथ्यावर सोडली. ॲल्युमिनियम हें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून ॲल्युमिनियमच्या भोंकांतील पोलादी स्क्रू तापला कीं त्याची पकड थोडी सुटते. मग सुंभा डोक्यावर ठेवून लहान हातोडीनें तीन-चार हलके ठोके दिले. ठोक्यानें आट्यांतील वाळलेलें तेल तडकतें. त्यानंतर सहा पाकळ्यांचें टोक असलेलें, खळग्याहून किंचित मोठें असें एक टोक घेतलें. त्यास मोटारीचे व्हॉल्व्ह घासण्याची वाळूमिश्रित पेस्ट लावली, आणि तें त्या गुळगुळीत खळग्यांत ठोकून बसविलें. मुलाला म्हटलें, “पिळावयाचें कमी, दाबावयाचें अधिक. आणि प्रथम उलट नव्हे, सुलट. आवळण्याच्या दिशेनें केसभर.” त्यानें तसें केलें. बारीकसा ‘कट्’ असा आवाज झाला. वर्गांतील चार मुलें भोंवतीं उभीं होतीं, त्यांनीं श्वास रोखला. मग तो उलट फिरविला, आणि तिसरा स्क्रू अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरानें वर येऊं लागला. तीन मिलिमीटर जाडीच्या या स्क्रूचा आटा एका फेऱ्यास तेवढाच सरकतो, हें मुलांनीं त्या वेळीं मोजून पाहिलें.

चौथा स्क्रू मात्र या उपायांस बधला नाहीं. कोणी म्हणालें, करवतीच्या पात्यानें डोक्यावर सरळ खांच पाडावी. उपाय चांगला आहे, आणि डोकें उघडें असेल तेथें मी तोच आधीं करीन. परंतु येथें डोकें थंडाव्याच्या पाकळ्यांमधील खोलगट जागेंत बुडालेलें होतें, करवत पोंचत नव्हती. दुसरा एक मुलगा मोबाईलवर चित्रफीत पाहून आला होता. तींत उलट्या आट्याचें निमुळतें पोलादी हत्यार भोंकांत पिळून स्क्रू काढून दाखविला होता. मोठ्या बोल्टास तें ठीक. तीन मिलिमीटरांच्या स्क्रूंत तें हत्यार काडीएवढें बारीक घ्यावें लागतें, तें ठिसूळ असतें, आणि आंत मोडलें म्हणजे त्याहून कठीण गिरमिट कोठून आणावयाचें? चित्रफितींत हत्यार मोडलेलें सहसा दाखवीत नाहींत.

राहिला तो शेवटचा उपाय, आणि तो ऐकतांच मुलाचा चेहरा उतरला: डोकेंच कापून काढावयाचें. येथें घर्षणाची ती वांटणी कामीं आली. ताण धरून ठेवतें तें डोकें. डोकें गेलें कीं ताण गेला, निम्में घर्षण गेलें, आणि उरलेला दंड भोंकांत जवळजवळ मोकळा उभा राहतो. पण हें कबूल करणें निराळें आणि मामानें दिलेल्या इंजिनावर गिरमिट धरणें निराळें. काम त्यानेंच करावें असें मीं ठरविलें. प्लग जागच्या जागीं ठेवला, धूर बाहेर पडण्याच्या व हवा आंत येण्याच्या वाटा चिंध्यांनीं बंद केल्या, कारण धातूचा एक कण सिलिंडरांत गेला तर सर्व व्यर्थ. इंजिन लांकडाच्या तुकड्यांमध्यें धरून शेगड्यांत आवळलें. साडेतीन मिलिमीटरांचें पातें हातगिरमिटांत लावलें आणि डोक्याच्या जाडीइतक्या अंतरावर, म्हणजे तीन मिलिमीटरांवर, त्यास कागदी चिकटपट्टी गुंडाळली, कीं त्याखालीं उतरूं नये. षट्कोनी खळगा मधोमध असल्यामुळें पातें आपोआप मध्यभागीं बसलें. विजेचें गिरमिट शाळेंत आहे. पण तें मीं कपाटांतून काढलें नाहीं. हाताला धातूचा प्रतिकार कळतो, विजेला कळत नाहीं.

वीस मिनिटें लागलीं. दर चार-पांच फेऱ्यांनीं तो थांबे, तेलाचा थेंब सोडी, कीस फुंकरी आणि पट्टीकडे पाही. शेवटीं डोकें कडीसारखें सुटून पात्यावर चढलें. सिलिंडरचा माथा वर उचलला, तेव्हां स्क्रूचा दंड बोटाच्या पेराएवढा उघडा उभा होता. मुलानें पकड उचलली. मीं म्हटलें, आधीं बोटांनीं पाहा. तो बोटांच्या चिमटींत फिरला. ज्यानें बारा दिवस त्या मुलाची झोंप उडविली होती तो स्क्रू बोटांनीं फिरत बाहेर आला, हें पाहून मुलें मोठ्यानें हंसलीं. तो मात्र हंसला नाहीं. त्यानें भोंकांतील आटे टोंचणीनें साफ केले आणि विचारलें, “आटे उडाले असते तर?” तर तें दुखणें अधिक मोठें. मग भोंक वाढवून त्यांत तारेचें वेटोळें बसवावें लागतें, व तें काम लेथवाल्याचें. आमच्या भाग्यानें आटे शाबूत होते. चार नवे स्क्रू सांगलीहून आले, ते चौघे मिळून चहाच्या एका पेल्याहून स्वस्त पडले. दट्ट्या गरम हवेनें व मेथॅनॉलच्या थेंबांनीं सुटला, हें सांगण्यास एक ओळ पुरे.

वडिलांना त्यानें त्याच संध्याकाळीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं ते शाळेंत आले. रागावलेले नव्हते, परंतु प्रसन्नहि नव्हते. म्हणाले, “मास्तर, त्येच्या डोक्यातनं तेवढं यंत्राचं खूळ काढा. शिकून सायब हुईल म्हणून धाडलाय, फिटर व्हायला न्हाई.” हा आक्षेप एकट्या त्यांचा नाहीं, म्हणून त्यांस जें बोललों त्याचा सारांश येथें देतों. आपल्याच जिल्ह्यांत, कुंडल रोड स्टेशनाजवळील निवडुंगाच्या माळावर, औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या जागेंत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. ती वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस यंत्रांचें रेखाटन शिकविणारे शिक्षक होते. १८८८ सालीं बेळगांवीं त्यांनीं दुकान घातलें तें सायकलींचें. तेथूनच कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि लोखंडी नांगरापर्यंत मजल गेली. नांगर तयार झाले तरी प्रथम शेतकरी ते घेईनात; लोखंडानें जमीन नासते असा समज होता. ज्या गृहस्थानें त्या काळीं मराठी शेतकऱ्याच्या हातीं लोखंड दिलें, त्याचे हात तेलानें माखलेले होते. वडिलांनीं हें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हणाले, “किर्लोस्करांची गोष्ट येगळी, मास्तर.” त्यांचें म्हणणें अगदींच खोटें आहे असें मला वाटत नाहीं. स्क्रू काढतां येणारा प्रत्येक मुलगा कारखाना काढीत नाहीं. शिवाय परीक्षेच्या वर्षीं बापाच्या जिवाला घोर असतोच.

यानंतर दोन महिन्यांनीं मृग बहाराच्या डाळिंबांवर पाऊस झाला. आपल्या भागांतील बागाईतदार जाणतात, पावसानंतर उघडीप मिळतांच फवारणी झाली नाहीं तर तेल्या बाग खातो. त्यांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचें इंजिन दोन-स्ट्रोकचेंच आहे, त्या खेळण्याहून दहापट मोठें, पण कुळ तेंच. तें ऐन सकाळीं बंद पडलें. कार्ब्युरेटरकडील झांकणाचे चारहि स्क्रू गच्च. कारण उघड होतें: मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षें त्या ॲल्युमिनियमवर सांडत आलें होतें. मोरचुदांतील तांबें ॲल्युमिनियमला खातें, आणि पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यांत एकत्र राहिले म्हणजे आट्यांत पांढरी भुकटी भरून ते एकमेकांस धरतात. वडिलांनीं मोठा पेचकस व हातोडा घेतला होता. जतेहून कारागीर येईपर्यंत दुपार झाली असती, आणि आभाळ पुन्हां भरून येत होतें.

पुढील वृत्तान्त मला वडिलांनींच बाजाराच्या रस्त्यावर थांबवून सांगितला. मुलगा म्हणाला, “अण्णा, थांबा, पेचकस लहान आहे.” त्यानें खांचेंतील माती सुईनें कोरून काढली, पेट्रोलची टांकी सोडवून दूर नेली, उकळत्या पाण्यांत बुडविलेलें फडकें झांकणावर तीन वेळां धरलें, सुंभ्यानें ठोके दिले, पेचकसाच्या टोकाखालीं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला आणि वडिलांस सांगितलें, “तुम्ही नुसतं वरून दाबा, फिरवतो मी.” तीन स्क्रू निघाले. चौथा अर्धा फेरा सैल झाला व तेथेंच अडला. वडील त्यावर हातोडा घालणार, तों मुलानें पंप आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि झांकण त्या चौथ्या स्क्रूभोंवतींच बाजूस फिरविलें. आंत जाळीवर कचरा बसला होता. तो पुसून झांकण परत फिरविलें, तीन स्क्रू आवळले, आणि नऊच्या आंत फवारणी सुरू झाली.

“अडीचचा पाना कुठं मिळंल, मास्तर?” त्यांनीं विचारलें. मीं सांगितलें, पंपाला तो लागणार नाहीं, त्याला अधिक-चिन्हाचा दोन नंबरचा लागेल. दोन्ही सांगलीस मिळतील, आणि घेतांना मुलाला बरोबर न्या. तो चौथा स्क्रू अद्याप पंपांत आहे. नाताळच्या सुटींत फवारणी नसते, तेव्हां डोकें कापून तो काढीन, असें मुलगा म्हणतो. साडेतीनचें पातें त्यानें शाळेंतून मागून नेलें आहे.